लेन्सचा नंबर ठरतो कसा, फसतो कुठे

“माह्या बाजूच्या बुढीले बिना चश्म्यानं दिसते, न् मले दूरचाबी नंबर आला. एकाच दिवशी, एकाच डॉक्टरनं केलं न भाऊ आमचं!” मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यानं तपासणीला आलेल्या माणसांत ही तक्रार वऱ्हाडात कुठंही ऐकू येईल. सोबत आलेला मुलगा, नातू आपापला निष्कर्ष काढून मोकळा होतो. कुणी म्हणतं लेन्स हलकी टाकली, कुणी म्हणतं डॉक्टरचा हात चुकला, कुणी म्हणतं फुकटात केलं की असंच होतं. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, लेन्स जागेवर बसलेली असते, डोळा शांत असतो. फसलेला असतो एक हिशेब, आणि तो ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधीच बाजूच्या छोट्या खोलीत मांडून झालेला असतो.

या हिशेबासाठी जी मापं घेतात त्यांना दवाखान्यात बायोमेट्री म्हणतात. रोग्याला एवढंच आठवतं की डोळ्यात थेंब टाकले, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, मग पेनासारखं काहीतरी बुबुळाला टेकवलं आणि “हलू नका आजी” असं कुणीतरी चार वेळा म्हणालं. पाच-दहा मिनिटांचं काम. पण पुढं दूरचं कसं दिसणार, पोथी वाचता येणार का, सुईत दोरा ओवता येणार का, याचा निकाल बहुतांशी तिथंच लागतो. ऑपरेशनबद्दल शंभर प्रश्न विचारणारे नातेवाईक या खोलीबद्दल मात्र एकही विचारत नाहीत.

प्रकाश वळवून मागच्या पडद्यावर नेमका टेकवायचं काम डोळ्यात दोन भिंगं करतात. पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. तिची ताकद साधारण ४३-४४ डायॉप्टर. आपण ज्याला नंबर म्हणतो तोच हा डायॉप्टर. बाकीचं काम बाहुलीमागचं नैसर्गिक भिंग करतं. ते गढूळ झालं की मोतीबिंदू. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम लेन्स बसवतात आणि ती बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं मिळते: २०, २०.५, २१, २१.५. कुणाला कोणती बसवायची हे मुख्यतः दोन मापांवर ठरतं. कॉर्नियाची गोलाई किती, आणि कॉर्नियापासून पडद्यापर्यंत डोळ्याची लांबी किती. आखूड डोळ्याला जास्त ताकदीची लेन्स लागते, लांब डोळ्याला कमी. इथवर सोपं आहे.

ज्यानं पहिली लेन्स बसवली त्यालाही हा हिशेब जमला नव्हता. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी एका ४५ वर्षांच्या बाईच्या डोळ्यात पर्स्पेक्सची लेन्स बसवली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि डोळ्यानं ते वर्षानुवर्षं मुकाट्यानं सहन केले, हे त्यांनी पाहिलं होतं. डोळा हे प्लास्टिक नाकारत नाही ही त्यांची अटकळ अगदी बरोबर निघाली. पण लेन्स घडवताना त्यांनी नैसर्गिक भिंगाचा बाक जवळपास तसाच घेतला. पर्स्पेक्स प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा जास्त वळवतं, त्यामुळे लेन्स भलतीच ताकदवान झाली. बाईंना ऑपरेशननंतर आलेला नंबर होता उणे १८, वर सिलिंडरचा उणे ६. जगातलं पहिलं यशस्वी लेन्सरोपण नंबराच्या बाबतीत सपशेल फसलेलं होतं.

आपल्याकडे लेन्स सर्रास येईपर्यंत पुढची चाळीसेक वर्षं गेली. तोवर मोतीबिंदू काढला की जाड भिंगाचा, अधिक १०च्या आसपासचा चश्मा मिळायचा. त्यातून जग पाव हिश्शानं मोठं दिसायचं, कडेचं दिसायचंच नाही, आणि शेतात चश्मा पडून फुटला की माणूस पुन्हा आंधळा. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या ऑरोलॅबनं स्वस्त लेन्स बनवायला सुरुवात केली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम चालला, त्यात महाराष्ट्रही होता. हळूहळू शिबिरांतही लेन्स बसू लागली. पण लेन्स स्वस्त झाली म्हणून मोजमापाची यंत्रं काही गावोगाव पोचली नाहीत. जिथं सोय नव्हती तिथं सरासरी डोळ्याला चालेल अशी २०-२१ नंबरची लेन्स सगळ्यांनाच बसवण्याची पद्धत होती. त्याहून जरा बरा आडाखा असा: माणसाच्या मोतीबिंदूआधीच्या चश्म्याच्या नंबराची सव्वापट करायची आणि १८ मध्ये मिळवायची. कागदावर ठीक आहे. पण जन्मात कधी डोळे न तपासलेल्या शेतकऱ्याचा जुना नंबर विचारायचा कुणाला? शिवाय मोतीबिंदू मुरताना भिंग दाट होऊन स्वतःच उणे नंबर तयार करतं. “आजोबांची नजर परत आली, बिनचश्म्यानं पेपर वाचतात” असं कौतुक होतं ते याच काळात. त्या नंबरावर लेन्स ठरवली तर हिशेब बुडालाच म्हणायचा.

डोळा मोजून लेन्स ठरवायचं पहिलं गणिती सूत्र १९६७ मध्ये रशियात फ्योदोरोव्ह यांनी मांडलं. जगभर पसरलं ते मात्र १९८०चं एक साधं सूत्र. सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला एसआरके म्हणतात. त्यांनी झालेल्या ऑपरेशनांचे निकाल पुढ्यात घेतले आणि उलटं गणित मांडलं. सूत्र असं: लेन्सचा नंबर म्हणजे लेन्सचा ठरावीक आकडा, त्यातून लांबीची अडीचपट वजा, आणि कॉर्नियाच्या ताकदीची ०.९ पट वजा. ठरावीक आकडा लेन्सच्या घडणीनुसार बदलतो. समजा तो ११८.४ आहे. एखाद्या आजीच्या डोळ्याची लांबी २२.६ मिलिमीटर आणि कॉर्निया ४४चा निघाला. ११८.४ मधून ५६.५ गेले, मग ३९.६ गेले, उरले २२.३. म्हणजे २२ किंवा २२.५ची लेन्स. आता त्याच शिबिरातल्या दुसऱ्या आजी घ्या. कॉर्निया तेवढाच, पण डोळा २१.५ मिलिमीटरचा. त्यांचं उत्तर २५च्या पुढं जातं. आणि हे जुनं सूत्र आखूड डोळ्यात कमी पडतं म्हणून १९८८च्या सुधारित आवृत्तीत २१ ते २२ मिलिमीटरच्या डोळ्याला एक नंबर आणखी चढवलेला आहे; म्हणजे २६. या आजींना सरसकट २१ची लेन्स बसवली असती तर तीनपेक्षा जास्त अधिक नंबर शिल्लक राहिला असता. दूरचं धूसर, जवळचं त्याहून धूसर. शेजारणीला बिनचश्म्यानं दिसतं आणि मला का नाही, याचं अर्धं उत्तर या १.१ मिलिमीटरमध्ये आहे.

ही आखूड डोळ्याची गोष्ट आपल्या भागात जरा थांबून पाहण्यासारखी आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतले डॉ. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावानं हे काम जगभर ओळखलं जातं. तिथं डोळ्याची सरासरी लांबी भरली २२.६ मिलिमीटर. युरोपातल्या डोळ्यांची सरासरी साडेतेवीसच्या आसपास मानतात. सरासरी झाली, टोकं तर १८.२ पासून ३४.२ पर्यंत पसरलेली होती. उंच माणसाचा डोळा लांब, बुटक्याचा आखूड, आणि बायकांचा पुरुषांपेक्षा आखूड, हेही अशा अभ्यासांत सातत्यानं दिसतं. नागपूर म्हणजे वऱ्हाड नव्हे, हे अकोलेकर लगेच सांगतील. पण पऱ्हाटीत राबणारी, आयुष्यभर जेमतेम खाल्लेली, लहान चणीची माणसं वर्धा नदीच्या दोन्ही काठांना सारखीच आहेत. याचा परिणाम असा की मापात चूक झाली तर ती इथं जास्त नडते. साडेतेवीसच्या डोळ्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर साधारण २.३५ नं चुकतो. डोळा ३० मिलिमीटरचा असेल तर तीच चूक १.७५ वर भागते. डोळा २० मिलिमीटरचा असेल तर ती ३.७५ होते.

मिलिमीटरभर चूक कशी होईल, असं वाटेल. त्यासाठी ए-स्कॅन कसा करतात ते पाहायला हवं. डोळा बधिर करणारा थेंब टाकतात. तंत्रज्ञ पेनासारखा प्रोब कॉर्नियाच्या मधोमध टेकवतो. प्रोबमधून ध्वनिलहरी आत जातात, प्रत्येक थरावर आदळून परत येतात आणि यंत्राच्या पडद्यावर एकामागून एक उंच टोकं उमटतात: कॉर्निया, भिंगाची पुढची बाजू, भिंगाची मागची बाजू, मग सपाट रेषा, आणि शेवटी दृष्टिपटलाचं सरळसोट उभं टोक, त्यामागं डोळ्याच्या पांढऱ्या कवचाचं. हे मागचं दुसरं टोक दिसलं नाही तर प्रोब तिरपा आहे, ध्वनी मज्जातंतूवर पडतोय असं समजायचं. यंत्र खरं तर लांबी मोजतच नाही, ध्वनीला लागलेला वेळ मोजतं. डोळ्यातल्या पाण्यात ध्वनी सेकंदाला १,५३२ मीटर जातो, भिंगातून १,६४१ मीटर; सरासरी १,५५० धरून वेळेवरून लांबी काढतात.

कॉर्निया मऊ असतो. “हलू नका आजी” म्हणता म्हणता हात जरा जड पडला की तो आत दबतो आणि डोळा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो. पाव-अर्धा मिलिमीटर दबणं मुळीच अवघड नाही. वरच्याच आजींचा २२.६चा डोळा दाबून २२.३ मोजला तर सूत्र २२.३ऐवजी २३.०५ सांगतं, आणि आजींना उणे अर्ध्याच्या आसपास नंबर येतो. कसलेला तंत्रज्ञ म्हणून एका मापावर विसंबत नाही. तो अनेक मापं घेतो, दबलेली, टोकं आडवी-तिडवी आलेली मापं फेकतो, उरलेल्यांत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको म्हणतो, दुसरा डोळाही मोजतो, आणि दोघांत ०.३च्या वर तफावत दिसली की पुन्हा पहिल्यापासून. प्रोब कॉर्नियाला न टेकवता डोळ्यावर छोटी पाण्याची वाटी ठेवून त्यातून मोजण्याची पद्धत आहे. तिच्यात दाब पडायचा प्रश्नच नाही. वाटी स्वस्त आहे, शिकायला फार वेळ लागत नाही, तरी वापर कमी. का, तर आडवं झोपवावं लागतं, पाणी सांडतं, वेळ जातो. रोजची रांग पाहिली की या सबबी समजतात. पण लाखोंच्या यंत्राची वाट पाहत बसण्यापेक्षा ही वाटी आधी यायला हवी, असं मला वाटतं.

लाखोंचं यंत्र म्हणजे ऑप्टिकल बायोमीटर. १९९९ मध्ये झाइस कंपनीचं आयओएलमास्टर आलं आणि ध्वनीऐवजी प्रकाशानं डोळा मोजणं सुरू झालं. डोळ्याला स्पर्श नाही, दाब नाही, आणि ध्वनीनं जिथं ०.१ मिलिमीटरची अचूकता मिळते तिथं प्रकाशानं ०.०२च्या आसपास मिळते. मोठ्या शहरांत आता हेच चालतं. अडचण एकच, आणि ती आपल्या भागाची खास आहे. प्रकाशाला आत जायला वाट हवी. मोतीबिंदू पिकून पांढराफटक झाला, किंवा दाट तपकिरी झाला, की प्रकाश पडद्यापर्यंत पोचतच नाही आणि यंत्र हात वर करतं. आणि आपल्याकडे ऑपरेशन लांबणीवर टाकायला कारणं हजार. खरिपाच्या तोंडावर नको, कापूस वेचून होऊ दे, उन्हाळ्यात तर नकोच, घाम डोळ्यात जातो. “पिकू द्या, मग काढू” हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनाच्या काळात ठीक होता, पण तो अजून घराघरांत जिवंत आहे. नव्या पिढीची यंत्रं जास्त लांब तरंगलहरींचा प्रकाश वापरतात आणि बऱ्याच दाट मोतीबिंदूंतूनही पार जातात. पूर्ण पिकलेल्याला मात्र पुन्हा तो प्रोब आणि तो हात. म्हणजे ज्याचा डोळा सर्वांत उशिरा आला, त्याचं माप सर्वांत कच्च्या पद्धतीनं होतं.

कॉर्नियाची गोलाई मोजणं त्या मानानं सोपं. तिथंही एक पथ्य आहे: हे माप प्रोब टेकवण्याच्या आधी घ्यायचं. टेकवल्यावर, भरपूर थेंब टाकल्यावर किंवा डोळा कोरडा पडल्यावर कॉर्नियाचा पृष्ठभाग खडबडतो आणि आकडा बदलतो. उन्हा-धुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस चढतं, ते टेरिजियम मोठं असेल तर कॉर्निया एका बाजूनं ओढला जातो. कधी काळी तुरीची काडी किंवा पऱ्हाटीचं टोक लागून बुबुळावर फूल पडलेलं असतं. अशा डोळ्यांत कॉर्नियाचं माप भरवशाचं राहत नाही, आणि इथली एका नंबरची चूक जवळपास तेवढीच चष्म्यात उतरते.

समजा दोन्ही मापं तंतोतंत आली. तरी एक गोष्ट उरते, जी ऑपरेशनआधी मोजताच येत नाही. बसवलेली लेन्स डोळ्यात नेमकी किती खोल स्थिरावेल? नैसर्गिक भिंग चांगलं जाड असतं, कृत्रिम लेन्स पातळ. रिकाम्या झालेल्या पिशवीत ती बसते, पुढच्या काही आठवड्यांत पिशवी आक्रसते आणि लेन्स थोडी पुढं-मागं होते. ती मिलिमीटरभर इकडं-तिकडं झाली तरी नंबर सव्वा-दीडनं बदलू शकतो. एसआरकेनंतरची सगळी सूत्रं मुळात या एका अंदाजासाठी भांडत आली आहेत. १९८८चं हॉलाडे, १९९०चं एसआरके-टी, आखूड डोळ्यांसाठी नावाजलेलं १९९३चं हॉफर क्यू, जर्मनीतल्या हायगिस यांचं, ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅहम बॅरेट यांचं, आणि अलीकडची संगणकाला हजारो डोळे दाखवून शिकवलेली हिल-आरबीएफ, केन वगैरे. नवी सूत्रं लांबी आणि गोलाईवर थांबत नाहीत. कॉर्निया ते भिंग हे अंतर, भिंगाची जाडी, असंही काही पाहतात. केनचं सूत्र तर बाई की पुरुष हेही विचारतं.

यात सरस कोण? अमेरिकेत २०१८ मध्ये १८,५०१ डोळ्यांवर सूत्रांची तुलना प्रसिद्ध झाली. बॅरेट यांच्या सूत्रानं साधारण ८० टक्के डोळे ठरवलेल्या नंबरापासून अर्ध्या नंबराच्या आत आणले. जुनी सूत्रं ७० ते ७५च्या घरात राहिली. ही सगळी मापं ऑप्टिकल यंत्रानं घेतलेली. ब्रिटनमध्ये २००९ साली सुचवलेली कसोटी त्यामानानं सौम्य होती: अर्ध्या नंबराच्या आत ५५ टक्के, एका नंबराच्या आत ८५. म्हणजे उत्तम दवाखान्यातही शंभरातल्या वीसेक जणांना अर्ध्याहून जास्त नंबराचा फरक पडतोच. हे ऑपरेशनआधी कुणी सांगत नाही, आणि मग आश्वासन आणि अनुभव यांत अंतर पडतं.

पण सूत्र बदललं की सगळं सुधारेल, हा समज मला पटत नाही. डेन्मार्कच्या ओल्सेन यांनी १९९२ मध्ये चुकीची वाटणी करून दाखवली होती: ५४ टक्के चूक लांबीच्या मापाची, ३८ टक्के लेन्सच्या जागेच्या अंदाजाची, ८ टक्के कॉर्नियाची. तेव्हा ध्वनीनंच मोजत होते. २००८ मध्ये नॉर्बी यांनी ऑप्टिकल यंत्रांच्या काळाचा हिशेब केला तर लांबीचा वाटा १७ टक्क्यांवर आला होता, लेन्सच्या जागेचा ३५, आणि गंमत म्हणजे २७ टक्के चूक ऑपरेशननंतर चश्म्याचा नंबर काढतानाच होत होती. आपल्याकडे ज्या दवाखान्यात प्रोब दाबूनच मोजतात, तिथं अजून १९९२च चालू आहे. तिथं कितीही आधुनिक सूत्र घातलं तरी फसलेल्या लांबीचं ते नेमकं उत्तर काढून देणार, एवढंच. जुन्या सूत्राला नीट माप मिळालं तर ते सरासरी डोळ्यात आजही लाज राखतं. फार आखूड आणि फार लांब डोळ्यांत मात्र नव्या सूत्राला पर्याय नाही. बॅरेटचं सूत्र तर इंटरनेटवर फुकट वापरता येतं.

लेन्सच्या डबीवर जो नंबर छापलेला असतो त्यालाही सूट आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १५ ते २५ नंबरच्या लेन्सला ०.४ इकडं-तिकडं चालतं. डबीवरचा तो ठरावीक आकडा, आपल्या उदाहरणातला ११८.४, हाही बहुधा ध्वनीच्या यंत्रासाठी दिलेला असतो; ऑप्टिकल यंत्राला वेगळा लागतो. आणि खरं पाहता प्रत्येक दवाखान्याला स्वतःचा लागतो, कारण तंत्रज्ञाचा हात वेगळा, सर्जनची पद्धत वेगळी. तेलाचं भांडं तोलताना आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतात, तसं हे आहे. आपल्याकडचे मागचे शंभरेक निकाल समोर ठेवायचे, सूत्रानं सांगितलेला नंबर आणि प्रत्यक्ष आलेला नंबर यांतला सरासरी फरक काढायचा, आणि तो शून्य होईल असा आकडा जुळवून घ्यायचा. यंत्र जुनं असलं तरी यानं निकाल सुधारतो, आणि याला पैसा लागत नाही.

लागतात ते निकाल. तिथं आपली गाडी अडते. टाक्याविना केलेल्या ऑपरेशनात महिना-सव्वा महिन्यानं डोळ्याचा नंबर स्थिर होतो, तेव्हा तपासायला हवं. पट्टी निघाली, दिसायला लागलं, की माणूस परत येत नाही. धारणीहून अमरावतीला दीडशे किलोमीटरच्या आसपासचा घाटाचा रस्ता उतरून, मजुरी बुडवून, “बरं दिसते” एवढं सांगायला कोण येईल? मेळघाटात धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव आणि नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव यांनी आदिवासींसाठी रुग्णालय उभं केलं आणि तिथंच डोळ्यांची ऑपरेशनं होतात, याचं महत्त्व या बाजूनंही आहे: रोगी परत भेटू शकतो. आजवर सरकारी कागदावर किती ऑपरेशनं झाली हाच आकडा मिरवला गेला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं मोजणी बदलली. आता ऑपरेशननंतर माणसाला ६/१२ इतकं दिसतं का, हे धरून व्याप्ती मोजायची, आणि ती २०३० पर्यंत ३० टक्के अंकांनी वाढवायची, असं ठरलं आहे. पन्नाशीपुढच्या भारतीयांत ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळं आहे, असं २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत निघालं होतं. तिथं संख्येचा सोस समजू शकतो. पण झालेल्या ऑपरेशनाचा नंबर लिहून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

आणखी एक प्रश्न गणिताच्या बाहेरचा आहे: नेमका कोणता नंबर हवा? साधी लेन्स एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. पुस्तकी उत्तर शून्य, म्हणजे दूरचं स्वच्छ. पण शून्यावर नेम धरून चूक अधिक बाजूला गेली तर लांबचंही नीट नाही आणि जवळचंही नाही. म्हणून बरेच सर्जन मुद्दाम पाव-अर्धा उणे ठेवतात. तेवढ्यानं एसटीची पाटी जरा पुसट होते, बाकी अडत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईची नजर दिवसभर हातभर अंतरावर असते, तांदूळ निवडणारीची त्याहून जवळ. उणे दीड नंबर ठेवला तर चश्म्याविना साधारण ६७ सेंटीमीटरवर स्पष्ट दिसतं, अडीच ठेवला तर ४० वर. मग दूरसाठी चश्मा. दुचाकी चालवणाऱ्या निवृत्त मास्तरांना हे चालणार नाही. पण चश्मा आज ना उद्या हरवणारच अशा माणसाला कुठलं अंतर बिनचश्म्याचं द्यावं, हे त्याला विचारल्याशिवाय कसं ठरेल? “आजी, दिवसभर काय काम करता?” हा प्रश्न बायोमेट्रीच्या कागदावर एका ओळीत मावतो.

पहिल्या डोळ्याचा निकाल दुसऱ्याच्या कामी येतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. दोन डोळे सहसा सारख्या घडणीचे असतात. पहिल्यात मापं नीट असूनही अंदाजापेक्षा एक नंबर अधिक निघाला, तर दुसऱ्यातही चूक त्याच दिशेनं जाण्याचा संभव असतो. अशा वेळी सर्जन त्या चुकीचा साधारण अर्धा भाग दुसऱ्या लेन्सच्या हिशेबात धरतात. पूर्ण धरला तर उलट बाजूला घसरायची भीती. त्यासाठी दोन गोष्टी हाती असाव्या लागतात: पहिल्या डोळ्याचा आजचा नंबर, आणि पहिल्या वेळी मिळालेलं डिस्चार्ज कार्ड. त्यावर चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर लेन्सचं नाव आणि नंबर असतो. दुसरा डोळा दुसऱ्याच दवाखान्यात करायचा असेल तर मग ते कार्ड एक्स-रेच्या फिल्मइतकंच जपून न्यायला हवं, आणि सोबत ए-स्कॅनच्या चिठ्ठीचा झेरॉक्स मागून घेतला तर उत्तमच.